बरकत लपवण्याचा आमचा उद्योग

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. पायांना हात लावून म्हणणार होतो, पण पत्रातून हात पोचत नाही, म्हणून कागदाच्या खालच्या कडेला लावला आहे. (तिथे जो डाग दिसेल तो चिखलाचा आहे, चहाचा नाही. सांडण्याइतका भरून चहा तुझी भावजय मला अजून देत नाही.) तुझे गुडघे कसे आहेत? लॉन्ड्रीच्या मालकाने बसायला स्टूल दिलं, की अजून दिवसभर उभ्यानेच इस्त्री चालू आहे? तुझी भावजय रोज विचारते, तुझी भाची रोज विचारते. मी विचारत नाही, कारण उत्तर मला पाठ आहे. लहानपणी तू तापाने फणफणली होतीस तेव्हाही 'बरी आहे' म्हणूनच विटांचा चिखल तुडवायला उतरली होतीस. इकडे सगळे धडधाकट आहेत, कोंबड्यांसकट.

तुझा निरोप पोचला. गुडघे साथ देतील तोवर तिथेच राहणार, आमच्या ताटातला घास कमी करायला येणार नाही, असं तू कळवलंस. यावर मला पुष्कळ बोलायचं आहे. पण मोठ्या बहिणीला पत्राच्या तोंडालाच उलट उत्तर द्यायचं नाही हे वळण तूच लावलंस, तेव्हा ते मागाहून. आधी इकडे काय गोंधळ झाला तो ऐक. तो तुझ्या निरोपाला लागूनच आहे, फक्त जरा लांबच्या वाटेने.

दर महिन्याच्या सुरुवातीला तुझ्या भावजयीच्या खात्यात सरकारचे पैसे जमा होतात, हे तुला मागे कळवलं होतंच. (माझ्या खात्यात नाही. का नाही, असं मी बँकेत विचारलं, तेव्हा सगळी रांग मागे वळून हसली.) रक्कम ऐकून कोणी हुरळून जाईल अशी नाही. पण ती दर महिन्याला येते, न चुकता येते, आणि हे 'न चुकता' म्हणजे काय चीज आहे ते आपल्यासारख्यांनाच कळतं. पहिल्यांदा आले तेव्हा आम्हाला वाटलं, चूक झाली, दुसऱ्या कोणाचे आपल्याकडे आले. न्यायला माणूस आला तर जसेच्या तसे देता यावेत म्हणून तुझ्या भावजयीने त्यांना हात लावू दिला नाही. दारात कोणी सायकलवाला नुसता घाम पुसायला थांबला तरी मी उठून उभा राहायचो. न्यायला कोणी आलं नाही, उलट आणखी आले. तेव्हा कुठे तिचा धीर झाला आणि तिने धान्याचं अख्खं पोतं आणलं. अख्खं पोतं, ताई! आपल्या घरात धान्य कायम ओंजळीने आलं, आणि ओंजळीने घेणाऱ्याला दुकानदार भावही चढा लावतो नि वर तोंडही वाकडं करतो. त्या पोत्याभोवती आम्ही तिघं लांबचा पाहुणा आल्यासारखे बसलो होतो.

पुढे मुकादम आला. तुला तो आठवतच असेल (म्हणजे त्याचा बाप आठवत असेल, हा त्याचा मुलगा, पोट तेच आहे). गावातली कामं संपून डबे रिकामे झाले की हा नेमका उगवणार, वीटभट्टीची उचल पुढे करणार, आणि ती एकदा घेतली की घराला कुलूप लावून बायकापोरांसकट भट्टीवर, तो म्हणेल त्या मजुरीवर, तो म्हणेल तोवर. या वर्षीही तो येऊन बसला आणि खिशाला हात लावून खोकला. मी म्हटलं, यंदा नको. असं म्हणायची सवय नसल्यामुळे ते माझ्या तोंडून इतक्या मोठ्याने निघालं की शेजारची शिंपीण कात्री हातात घेऊन धावत आली. मुकादम बिचारा तिच्या कात्रीकडे बघत चप्पल घालून गेला. तो गेल्यावर मी दोनदा दाराबाहेर डोकावून आलो, तुझी भाची मात्र जागची न हलता अभ्यास करत राहिली, कारण तिची शाळा यंदा मधेच तुटणार नव्हती. मी इथेच ओढ्याकाठी माती कालवली, स्वतःच्या साच्याने विटा पाडल्या, छोटीशी भट्टी लावली, आणि गावात ज्याला हव्या त्याला विकल्या. उरल्या त्यांची घराला लागून एक खोली बांधली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरांना विटा पुरवल्या आणि आपण मातीच्या भिंतीत राहिलो. म्हटलं, एकदा आपणही आपलं गिऱ्हाईक व्हावं.

पण खरं सांगू? थंडी पडली आणि मला भट्टीशिवाय करमेना. माणूस किती खुळा असतो बघ. भट्टीच्या ज्या बाजूला ऊब यायची तिथे तू मला झोपवायचीस आणि स्वतः वाऱ्याच्या बाजूला आडवी व्हायचीस, म्हणायचीस मला उकडतं. मी मूर्ख, मला ते कितीतरी वर्षं खरं वाटत होतं! आणि ओल्या विटांवर काडीने अक्षरं काढून तू मला शिकवायचीस ते? मालक ओरडत आला होता, विटा खराब केल्या म्हणून, आणि आईने त्याला सांगितलं की पाखरं चालून गेली. पाखरांनी 'क' आणि 'ख' कसा काढला, असं विचारण्याइतकं त्याला स्वतःला वाचता येत नव्हतं म्हणून आपण वाचलो. त्या विटा भाजून गेल्या, गाडीत भरल्या गेल्या. कुठल्या तरी शहरात कुठल्या तरी साहेबाच्या भिंतीत आपली अर्धी बाराखडी चिणलेली आहे आणि त्याला त्याचा पत्ता नाही. त्यानंतर तू लॉन्ड्रीत गेलीस. मग दर महिन्याला बसचा कंडक्टर तुझा रुमाल आणून द्यायचा, गाठ मारलेला. आई गाठ सोडायच्या आधी रुमालाचा वास घ्यायची, इस्त्रीच्या कोळशाचा, आणि मगच पैशांकडे बघायची. रुमाल येणार हे माहीत असायचं म्हणून ती दुकानदाराशी ताठ मानेने बोलायची. दर महिन्याला ठरलेले पैसे पोचवायचे ही युक्ती म्हणे कोणा मोठ्या शहाण्या लोकांनी आता शोधून काढली आहे. काढू देत. आपल्या घरात ती तू काढलीस.

असो. डोळ्यांत धूर गेला होता, आता पुसला. मुद्द्यावर येतो.

आमच्या आळीत 'बिनतारी' म्हणून एक गृहस्थ आहेत. गोष्ट घडायच्या आधी त्यांना कळते (आणि बहुतेक वेळा ती नंतरही घडत नाही). त्यांनी बातमी आणली की पैशांची तपासणी करायला शहरातून बाई येत आहेत, आणि ज्याच्या घरी बरकत दिसेल त्याचं नाव कटणार. झालं! आळीत पळापळ. ताई, तुला आठवतं, आपल्याकडे कोणी यायचं असलं की आई शेजारून कपबश्या, चटई, धड पायांची खुर्ची मागून आणायची, आणि पाहुण्याने खुर्ची छान आहे म्हटलं की आपण दोघं एकमेकांकडे बघायचं टाळायचो? तेव्हा नसलेलं दाखवण्यात जन्म गेला. आता असलेलं लपवायची पाळी आली, आणि त्याचा आम्हाला बिलकुल सराव नव्हता. आमची खुर्ची, भिंतीवरचं घड्याळ, नवी पातेली आणि कोंबड्या, सगळं शिंपिणीच्या घरी पोचवलं. पोतं पलंगाखाली ढकललं, तर ते मावेना, म्हणून त्यावर गोधडी टाकली आणि आजारी माणसाने झोपावं तसा मी त्यावर झोपलो. राहिली खोली. खोली कुठे नेणार? तिच्यावर गवताचे भारे रचले, दारावर जुनी पोती लटकवली आणि पुढे शिंपिणीची शेळी बांधली. शेळीचा गोठा म्हणून सांगायचं ठरलं. तुझी भावजय म्हणाली, हे सगळं करण्यापेक्षा खरं सांगू. पण घरात कर्ता पुरुष असला की असल्या सूचना ऐकायच्या नसतात.

बाई आल्या. साध्या, उन्हाने रापलेल्या, हातात पाण्याची बाटली. त्यांना बसायला द्यायला आमच्याकडे काही नव्हतं (होतं ते शिंपिणीकडे), म्हणून बिचाऱ्या जमिनीवर बसल्या. त्यांनी विचारलं, इतके महिने पैसे मिळतात, त्यांनी घरात काय फरक पडला? मी गोधडीवरून कण्हत म्हटलं, काही नाही बाई, होतो तसेच आहोत, उलट जरा खालावलोच. आवाज इतका छान कापला की मलाच माझी दया आली. बाईंनी पेन मिटलं आणि उसासा टाकला. म्हणाल्या, "आळीतल्या प्रत्येक घरात हेच ऐकते आहे. मग मला तसंच लिहावं लागेल. लोकांना या पैशांचा काही उपयोग होत नाही असं दिसलं तर पुढे चालू ठेवायचे कशाला, असा विचार वर चाललाच आहे."

ताई, माझं कण्हणं तिथेच थांबलं. आम्हा तिघांचं कसंही भागलं असतं. मुकादमाचा खोकला काही कुठे गेलेला नाही. पण ज्या जोरावर मी तुला हक्काने बोलवणार होतो, तो जोर माझ्या स्वतःच्या कण्हण्याने जात होता. आणि बाई उठल्याही होत्या.

तुझी भावजय उठली. सरळ शिंपिणीच्या घरात गेली आणि दोन्ही काखांत एकेक कोंबडी घेऊन आली. म्हणाली, "बाई, ही अंडी देते, ही देणार आहे. थांबा, खुर्ची आणते, तुम्ही खाली का बसलात?" मी ताडकन उठून गोधडी ओढली. (आजारी माणूस इतक्या चपळाईने उठलेला बाईंनी नोकरीत पहिल्यांदाच पाहिला असावा.) पोतं दाखवलं, मुकादमाची हकिकत सांगितली, खोकल्यासकट. तोवर आळीत बोंब पोचली होती. शिंपीण आमचं घड्याळ घेऊन आली, आणि मग तिचं स्वतःचं शिवणयंत्र आमच्या मागच्या पडवीत होतं ते ओढत पुढे घेऊन आली. बघता बघता प्रत्येकजण दुसऱ्याच्या घरातून आपापलं सामान बाहेर काढून आमच्या अंगणात मांडायला लागला. एका म्हातारीने नवा चष्मा लावून बाईंना त्यांच्याच बाटलीवरचं लेबल वाचून दाखवलं. दोघांनी एकाच बादलीवर हक्क सांगितला. बिनतारी घराघरांत फिरून सांगत होते की हे असंच होणार हे त्यांनी आधीच सांगितलं होतं.

बाई आमच्या खुर्चीवर बसून हसत होत्या, आणि पेन भराभर चालत होतं. मग म्हणाल्या, कोण किती गरीब दिसतं हे बघायला मी आलेच नव्हते. या पैशांनी माणसाचं काय सुधारलं एवढंच विचारायला आले होते. आणि मग त्यांचं लक्ष गवताच्या ढिगाकडे गेलं. मी सवयीने म्हणून गेलो, शेळीचा गोठा. बाई म्हणाल्या, "शेळीला खिडकी? तीही दोन झडपांची?" तेवढ्यात तुझ्या भाचीने सांगून टाकलं, ती आत्याची खोली आहे. बाईंनी तेही लिहून घेतलं.

पत्र लांबलं. तब्येतीला जप, उभ्याने जेवू नकोस. लॉन्ड्रीतल्या मंडळींना आमचा नमस्कार, मालकाला मात्र तुला स्टूल मिळेपर्यंत नको.

तुझा,
धाकटा

ता.क. मुख्य गोष्ट राहिलीच. बाई पुढच्या महिन्यात पुन्हा यायच्या आहेत, आणि त्यांच्या कागदावर आता 'आत्याची खोली' असं लिहिलेलं आहे. आल्यावर त्यांना खोलीत आत्या दिसली नाही तर आम्ही खोटे ठरू आणि पैसे बंद होतील. तेव्हा आमच्यावर उपकार म्हणून तरी तोवर ये. आलीस की बाईंना दिसेल अशी खिडकीत बस, बाकी काही काम नाही.

ता.क. दुसरा. ओझं होईल वगैरे म्हणू नकोस. सरकारचे पैसे सुरू झाल्यापासून तू पाठवलेल्या पैशांना आम्ही हात लावला नव्हता. खोलीचं दार, खिडकी आणि छपराचे पत्रे त्यातूनच झाले. म्हणजे विटा माझ्या आणि छप्पर तुझं. आता स्वतःच्या छपराखाली राहायला कोणाची परवानगी लागते ते तूच सांग. आणि आता पाठवणं बंद कर, गुडघ्यांना औषध घे.

ता.क. तिसरा. तुझ्या भावजयीने हे पत्र वाचलं. ती म्हणते, मोठ्या बहिणीला फसवून बोलवायचं असेल तर माझं नाव पत्रात घालू नका. म्हणून लिहितो. बाईंचं इथलं काम संपलं. पैसे चालू राहणार, असं त्यांच्या ऑफिसातून कळलं. आत्याची खोली बघायला कोणीही येणार नाही, आणि आत्या नाही म्हणून काहीही बंद होणार नाही. भाचीने तेवढं खरंच सांगितलं, कोणी शिकवलं नव्हतं.

बाई येत नाहीत. तू ये.