चपट्या नाकाची गाडी

प्रिय नरेल,

रविवारी तुझं बोलणं अर्धवट असतानाच मी फोन ठेवला. लाइन गेली नव्हती, मी चिडलो होतो. इथल्या मेलबर्नच्या स्टुडिओतल्या पोरांनी मातीत घडवलेल्या नव्या गाडीच्या नमुन्याचे फोटो डेट्रॉइटच्या मुख्य ऑफिसात तुझ्या टेबलावर आले, तुला तिचं नाक जरा फुगलेलं वाटलं, आणि महिनाअखेरच्या बैठकीत 'कापा' असं कळवून टाकणार म्हणालीस. इतक्या सहज, जणू नखंच कापायची आहेत. त्या पोरांनी त्या नाकासाठी जिवाचं रान केलंय. फोनवर मला नीट भांडता येत नाही, म्हणून हे पत्र.

त्यात काल आगीत तेल पडलं. आम्ही घडवलेल्या त्या जुन्या गाडीला पन्नास वर्षं झाली म्हणून तिच्या मालकांच्या क्लबवाल्यांनी मला ऑल्टोनाच्या मैदानावर नेलं. अध्यक्ष डॅरिल मन्स बॉनेटवर हात ठेवून भाषण ठोकत होता, की ही गाडी अस्सल आपली, आणि हे चपटं नाक म्हणजे आपल्या लोकांचा स्वभाव, कुठे मिरवणं नाही. माझ्या हातातलं सॉसेज गार झालं. मी त्याला सांगितलं, की हिचे खांदे, छताची उतरंड, मागच्या काचेचा बाक, सगळं डेट्रॉइटचं. तिकडे फारच लहान म्हणून बाजूला टाकलेल्या गाडीची चित्रं पेट्यांत भरून इकडे आली. आम्ही तिला कच्च्या रस्त्यांसाठी उंच केली, धूळ शिरू नये म्हणून दारं घट्ट केली, मेंढ्या नेणाऱ्यांसाठी मागे उघडा हौदा लावून तिची मालवाहू जात, यूट, काढली. पुढचं नाक तेवढं सर्वस्वी आमचं होतं, आणि ते गोल होतं. डॅरिल म्हणाला, "मर्व्ह, उन्हात टोपी घालत जा रे बाबा." सगळे खो खो हसले.

तुलाही हे मी कधी धड सांगितलेलं नाही. आमचा मुख्य होता क्लाइव्ह हॅडो. ते गोल नाक त्याचं, हाताखाली मी. तेव्हा रीतच अशी होती, की मातीची गाडी तयार झाली की फोटो डेट्रॉइटला जायचे आणि तिकडून शेरे येतील तसं कापायचं. आमच्या स्टुडिओचं अंगण अरुंद. फोटोवाल्याला मागे सरकायला जागा नव्हती, म्हणून त्यानं रुंद भिंग लावून अगदी जवळून फोटो काढले. तशा भिंगात पुढे असेल ते फुगतं. माझा चेहरा काढला असता तर माझंही नाक भोपळ्याएवढं आलं असतं. शेरा आला, नाक दोन इंच आत घ्या. क्लाइव्हनं कळवलं, फोटो फसवतोय, कुणीतरी येऊन बघा. उत्तर आलं, येण्याइतकं त्यात काही नाही. मग आम्ही कापलं. पुढे वर्षभरात नोकरी सोडून क्लाइव्ह बॅलरॅटला कपाटं बनवायला लागला.

बऱ्याच वर्षांनी तो शेरा लिहिणारा लिंडक्विस्ट इकडे आला. माणूस भला होता, उगीच नावं ठेवणार नाही. भर दुपारी मी त्याला कारखान्याच्या फाटकाशी उभ्या असलेल्या आमच्या त्या गाडीजवळ नेलं. त्यानं सगळ्या बाजूंनी फेरी मारली, बॉनेटवरून तळवा फिरवला, थबकला आणि म्हणाला, "सुरेख आहे. पण हे नाक कुणी चेपलं?"

मी म्हणालो, "तुम्ही."

तो पोट धरून हसला. इथली थट्टामस्करी त्याला फार आवडायची. त्याला खरंच काही आठवत नव्हतं, नरेल. भांडायचं तरी कुणाशी?

आता त्या खुर्चीत तू बसतेस. मला तुझा अभिमान वाटतो, आणि म्हणूनच इतका त्रास होतोय. कापायचं कळवण्याआधी इकडे ये. इथल्या उन्हात त्या नव्या गाडीभोवती फिर. तरीही नाक फुगलेलं वाटलं तर खुशाल काप, मी तोंड उघडणार नाही.

आणखी एक. तुझी आई गेल्यापासून तू आलेली नाहीस. शेजारची जॉयस दर आठवड्याला माझा फोटो पाठवते आणि तू उलट लिहितेस, बाबा, किती ठणठणीत दिसतोयस. फोटो काढताना ती मला डावा हात मांडीखाली दाबून बसायला लावते, कारण तो थरथरतो. आता उजवाही थरथरायला लागलाय, मला कप धरवत नाही. हे पत्र मी सांगतोय आणि तीच लिहून घेतेय. तुला कळवायचं नाही असं आमचं ठरलं होतं, म्हणून आत्ता तिनं तोंड वाकडं केलंय, पण लिहितेय. फोटोवर जाऊ नकोस. येऊन बघ.

तुझाच, अजून धुसफुसत असलेला,
बाबा