आवाज व्हॅनचाच आहे

वहिनी,

दादाची स्पोर्ट्स कार आज संध्याकाळी घरी आणतोय. तिचं इंजिन कामातून गेलं होतं, आणि दादा गेल्यापासून त्याची मालाची व्हॅन नुसती उभीच होती. म्हणून व्हॅनचं टर्बो डिझेल इंजिन कारमध्ये बसवलं. अख्खं गॅरेज मला हसलं. हसू दे, दादा हेच करणार होता.

एक सांगायचं राहिलं. आवाज व्हॅनचाच येतो. टर्बो थंड व्हावा म्हणून दादा दारात इंजिन मिनिटभर चालू ठेवायचा आणि तेवढ्यात तू चहा टाकायचीस. मलाही तसंच ठेवावं लागणार, इलाज नाही. परवा चाचणीला कार काढली आणि दारात थांबलो, तर आई, दादा गेल्याचं विसरून, धावत बाहेर! "तो कुठंय?" म्हणाली. माझ्या तोंडून निघून गेलं, "येतोय मागून." तेव्हापासून ती खिडकी सोडत नाही, ते माझ्यामुळे. शिव्या दे, ऐकून घेईन.

सहा वाजता तिला आतल्या खोलीत ने, रेडिओ मोठ्यानं लाव. तुलाही सांगतो, गाडीत मी एकटाच असेन. आवाज ऐकून तुझा हात चहाकडे गेलाच, तर साखर घाल. बिनसाखरेचा दादा प्यायचा.