फ्लॅशच्या डोळ्यावरचा अंगठा

तिरोडा
१२ जून २००७

प्रिय ललिताताई,

पत्र बघून घाबरू नकोस, इकडे सगळे मजेत आहेत. फोनवरच सांगणार होतो, पण भिलाईला फोन भाऊजी उचलतात आणि मग तुमच्या अख्ख्या कॉलनीला बातमी कळते. म्हणून कागद घेऊन बसलो. बाबांचा गुडघा बरा आहे, आई आंब्याच्या लोणच्यात बुडाली आहे आणि माझ्या स्टुडिओचं नाक वाचलं आहे. ते कसं वाचलं ते आधी ऐक.

गेल्या उन्हाळ्यात चोरखमाऱ्याच्या भैयाजी रामटेक्यांच्या थोरल्या मुलीच्या लग्नात मी काय दिवे लावले ते तुला माहीत आहे. लग्न नीट लागलं, बिघडले ते फोटो. हार घालतानाचे चारही फोटो अर्धे काळे आले. नवरी उजेडात, नवरदेव अंधारात. नंदाबाई, म्हणजे नवरीची आई, अल्बम मांडीवर घेऊन माझ्यासमोर रडली. तेव्हापासून गावोगावी माझं नाव पडलं, अर्ध्या नवरदेवाचा फोटोवाला. यंदा एप्रिलात भैयाजी स्वतः स्टुडिओत आले आणि धाकट्या रीनाच्या लग्नाचं काम देऊन गेले. जाताना दारात थांबून म्हणाले, "पहिली चूक तुयी होती, रत्नपाल. या डाव झाली तं ते आमची." ताई, शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. हे लग्न बिघडलं असतं तर मी कॅमेरा कायमचा कपाटात ठेवला असता.

आता थोडं माझ्या धंद्यातलं. एक फ्लॅश कॅमेऱ्यावर असतो आणि दुसरा लांब स्टँडवर, छत्रीसमोर. त्या दुसऱ्याला तार नसते, एक बारीक डोळा असतो. माझा फ्लॅश चमकला की तो डोळा बघतो आणि त्याच क्षणी दुसराही चमकतो. एकदा चमकला की पुन्हा भरायला त्याला पाच-सहा सेकंद लागतात. गेल्या वर्षी हा दुसरा ऐन वेळी मुका राहिला होता. तो का रुसतो हे शोधायला मी सेल बदलले, स्टँड बदलला, छत्री बदलली. डोकं तेवढं वापरायचं राहिलं.

ते दुसऱ्या कुणी वापरलं. लग्नाच्या संध्याकाळी मांडवात सामान लावत होतो. रीनाची मामेबहीण दामिनी सरबताचे पेले घेऊन आली आणि तिथंच उभी राहिली. आमगावला शाळेत विज्ञान शिकवते. जरा वेळ बघून म्हणाली, "अहो फोटोवाले, तुमचा दिवा तुमचं आयकून नाही राहिला. आमच्या प्रफुल्लनं बटन दाबलं का तोच पेटते." प्रफुल्ल तिचा भाऊ, पुण्याहून नवा डिजिटल कॅमेरा घेऊन आलेला. मी त्याला पुन्हा दाबायला लावलं. खरंच! त्याचा कॅमेरा चमकला की माझा फ्लॅश ताबेदारासारखा हजर. ताई, वर्षभराचं कोडं सरबतातला बर्फ वितळायच्या आत सुटलं. आजकाल घरोघरी कॅमेरे झालेत, हार घालायच्या वेळी वीस जण बटणं दाबतात. माझा फ्लॅश त्यांच्यावर उधळून जायचा आणि माझ्या वेळेला रिकामा.

मी लगेच डोळ्यावर काळी पट्टी चिकटवली. दामिनी हसली. "आता तुमचा तरी दिसंल का त्याले?" खरं होतं, पट्टीनं त्याला मीही दिसेना. मग तिनं पट्टी काढली, डोळ्यावर आपला अंगठा ठेवला आणि म्हणाली, तुम्ही सांगाल तेव्हाच काढीन. पण सांगायचं कसं? ओरडलो तर सगळेच दाबणार, आणि माझे दोन्ही हात कॅमेऱ्यात. शेवटी ठरलं की मी डावा पाय उचलायचा.

त्रिशरण-पंचशील झालं, प्रतिज्ञा झाली, हार हातात आले. लोक उठले आणि मांडवात नुसत्या विजा चमकू लागल्या. माझा फ्लॅश तिच्या अंगठ्याखाली गप्प. रीनानं हात वर केले, मी पाय उचलला, बटण दाबलं, दोन्ही फ्लॅश एकदम! मग नवरदेवाचा हार, पुन्हा पाय. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा नंदाबाई मोठ्यानं म्हणाल्या, "या पोराच्या पायात काटा रुतला का जी?" सगळा मांडव हसला, तोही फोटो मिळाला. "साधु, साधु, साधु" म्हणत सगळ्यांनी फुलं उधळली. दामिनीनंही उधळली, पण एकाच हातानं. अंगठा जागचा हलला नाही.

गोंदियाहून रोल धुऊन आले तेव्हा पाकीट उघडायची माझी हिंमत होईना. आईनं उघडलं. नवरदेव अख्खा होता! नंदाबाई यंदाही अल्बम घेऊन रडल्या, पण यंदा मला चहा मिळाला. भैयाजींनी नुसती पाठ थोपटली.

तू म्हणशील, फ्लॅशच्या गोष्टीत ही दामिनी किती वेळा येते. तर ऐक. जेवणं झाल्यावर मी रोल बदलत होतो. ती प्रफुल्लचा कॅमेरा घेऊन आली. "सगळ्याइचे काढले, तुमचा कोन काढते?" असं म्हणून तिनं स्टँडशी जाऊन डोळ्यावर पुन्हा अंगठा ठेवला, मग तो उचलला आणि बटण दाबलं. माझाच फ्लॅश तिच्या इशाऱ्यावर चमकला. संध्याकाळभर जे होऊ नये म्हणून जिवाचं रान केलं तेच झालं, आणि मी तोंड उघडं टाकून हसत होतो. मला फार आनंद झाला होता, ताई. आता लपवून काय करू?

दिवाळीपासून तू स्थळांना दाखवायला माझा फोटो मागते आहेस आणि मी टाळतो आहे. तिनं काढलेला तोच पत्रासोबत पाठवला आहे. गेल्या आठवड्यात ती भावासोबत त्यांच्या घरासाठी काढलेले फोटो न्यायला आली तेव्हा देऊन गेली. पण हा दहा घरी फिरवू नकोस. येत्या रविवारी सकाळच्या लोकलनं ये, आपण बाबांना घेऊन आमगावला जाऊ. फोटो तिच्या आई-वडिलांना दाखव. तिला दाखवायची गरज नाही, तिनं दोन प्रती काढल्या होत्या आणि दुसरी तिच्याकडेच आहे.

वाट बघतोय,
तुझाच
रत्नपाल