घरचोळ्याचे उरलेले चार खण

जामनगर,
मंगळवार, ८ डिसेंबर १९९८

चि. सौ. वसन हिला धीरजलालचे आशीर्वाद.

आज नळाला उशिरा पाणी आलं. दहा वाजता मोटीबेनला दवाखान्यात नेलं, एक वाजता परत आलो. खिचडी केली, ती करपली.

माझ्या या बहिणीला लकवा होऊन महिना झाला. पाय सुधारला. जीभ तर एक दिवसही थांबली नव्हती. उजवा हात मात्र मांडीवर नुसता पडून असतो. व्यायाम घेणाऱ्या ऊर्वीबेन सांगतात की हात शाबूत आहे, त्याला हुकूम देणारा मेंदूतला भाग गेला आहे. ते काम शेजारच्या भागाला शिकवावं लागेल, आणि गरज पडली तरच तो शिकेल. डावा हात सगळं उरकतो तोवर मेंदू उजव्याकडे बघणारही नाही. म्हणून डावा हात रोज सहा तास पिशवीत घालून बांधून ठेवायचा. मोटीबेनने त्यांना तोंडावर विचारलं की आजारी उजवा आणि शिक्षा डाव्याला, हे कुठल्या कॉलेजात शिकलात.

काळजी घरचोळ्याची, लग्नातल्या त्या बांधणी साडीची आहे. तुझ्या भाच्याच्या, पिनाकीनच्या नवरीला लग्नात आपल्याकडून ते द्यायचं. तुझ्या बहिणीने, मंछाने, त्याच्या बावन्न चौकोनी खणांपैकी अठ्ठेचाळीस बांधले आणि श्रावणात ती गेली. चार राहिले. मंछाला बांधणी मोटीबेननेच शिकवली, त्यामुळे दोऱ्याने बांधलेला दोघींचा दाणा एकसारखा. तिसऱ्या कोणाचा हात लागला तर कापड रंगल्यावर कळतंच. रंगायला मार्चअखेर द्यायला हवं. मंछाचं काम वेगळं दिसू नये, एवढंच मला वाटतं.

सर्वांना नमस्कार-आशीर्वाद. आहे ती माया असू दे.

धीरजलाल


भुज, १७ डिसेंबर

ती. जीजाजींना वसनचा सा. न.

तुमचं पत्र पोचलं. पोस्टातून निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी पत्र पावतीसारखंच लिहिता. खिचडीत पाणी दुप्पट नाही, तिप्पट घाला.

चार खण मी बांधले असते, पण बावीस वर्षं भुजमध्ये राहून माझा दाणा मोहरीएवढा झालाय. मंछाबेनच्या दाण्याशेजारी तो उपाशी दिसेल. मोटीबेनना म्हणावं, लहानपणी माझे चाळीस दाणे सोडायला लावून वर बोटांवर पट्टी मारली होतीत, ते विसरले नाहीये. आता तुमची पाळी.

हात खरंच सहा तास बांधलेला राहतो? मला त्यांचा स्वभाव ठाऊक आहे. कळवा, आणि आमच्यावर लक्ष ठेवा.

वसन


जामनगर, ५ जानेवारी १९९९

चि. सौ. वसनला आशीर्वाद.

पाणी तिप्पट घातलं. खिचडी प्यावी लागली.

हात मी रोज बांधतो. कसा बांधायचा ते मोटीबेननेच दाखवलं. पिशवीच्या तोंडाशी दोरा पंधरा वेळा गच्च गुंडाळायचा, की झालं. तिने इतकी मदत करावी याचं मला बरं वाटलं. पण मी बाजारातून येतो तेव्हा केस विंचरलेले असतात, मटार सोललेले असतात. विचारलं तर म्हणते, शेजारची काशीबेन आली होती. काशीबेन पंधरा दिवस राजकोटला आहे.

उजव्यात काही फरक नाही. ऊर्वीबेननी मला बाजूला घेऊन विचारलं की तुम्ही खरंच बांधता ना. मी हो म्हटलं. मला फार ओशाळल्यासारखं झालं.

घरच्यांना आशीर्वाद. लोभ वाढवावा.

धीरजलाल


भुज, १३ जानेवारी

ती. जीजाजींना सा. न.

हसून हसून पोटात दुखतंय. तीस वर्षं बांधणीवालीशी संसार केलात आणि हे कळलं नाही? आमच्या बांधण्याला गाठच नसते! दोरा नुसता गुंडाळलेला असतो, म्हणून तर रंगल्यावर कापड ओढलं की सगळं तडातडा सुटतं. तुमची पाठ वळली की त्या एक हिसका देत असणार, आणि तुमच्या चपला वाजल्या की दातांनी परत गुंडाळत असणार.

तुम्ही चौतीस वर्षं पार्सलं बांधलीत ना? मग तसं बांधा. रागावल्या तर माझं नाव सांगा, मी दूर आहे.

तुमची खट्याळ मेव्हणी,
वसन


जामनगर, ९ फेब्रुवारी

चि. सौ. वसनला आशीर्वाद.

तू सांगितलंस तसं केलं. सुतळीची पोस्टातली गाठ मारली, टोकांना पुठ्ठा लावला आणि त्यावर लाख ओतून माझा जुना पितळी शिक्का मारला. मोटीबेन दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. दूधवाल्याला म्हणाली, भावाने माझं पार्सल केलंय, पत्ता तेवढा लिहायचा राहिलाय.

तिसऱ्या दिवशी पाहिलं तर उजवा हात शिक्क्यावर होता. आधी नुसता घासायची. मग अंगठा आला, मग पहिलं बोट, मग नख. मी रोज नवा शिक्का मारायचो. नवव्या दिवशी तिने तो फोडला आणि तुकडे माझ्या ताटात, वरणावर पेरले.

मी घाबरत घाबरत ऊर्वीबेनना सांगितलं. त्या हसत खुर्चीतच बसल्या. मग म्हणाल्या, व्यायामाला दिलेल्या माझ्या मण्यांना या हात लावत नाहीत, पण तुमच्यावरच्या रागापायी मेंदू बरोबर कामाला लागलाय. लाख अजून जाड ओता. मी ओततो. मोटीबेन मला डाकू म्हणते.

रविवारी तिने स्वतः दोरा मागितला. चिंधीवर पहिला दाणा सुटून गेला. दुसरा हरभऱ्याएवढा झाला. तिने चिंधी माझ्या अंगावर फेकली, आणि थोड्या वेळाने परत मागितली.

मार्चअखेरपर्यंत होईल असं वाटत नाही. तरी आशा आहे.

तुझा,
धीरजलाल


भुज, १७ फेब्रुवारी

ती. जीजाजींना सा. न.

चिंधी पाठवलीत ती पाहिली. वरच्या ओळीत हरभरे आहेत, खालच्या ओळीत तूर. मुगापर्यंत पोचल्या की मंछाबेनचा दाणा आला समजा. नाहीच जमलं तर तार करा, मी येऊन जाड बांधायचा प्रयत्न करीन. पण त्यांना हे सांगू नका. नाही, सांगाच.

वसन


जामनगर, ११ एप्रिल

चि. सौ. वसनला आशीर्वाद.

तू येणार असं सांगितलं. त्या दिवसापासून मोटीबेन सकाळ-संध्याकाळ बांधायला बसली. घरचोळ्यावरचा पहिला खण तिने दोनदा सोडला, तिसऱ्यांदा ठेवला. रंगाऱ्याकडे चार दिवस उशिरा दिलं. काल ते आलं आणि आज उघडलं. एका बाजूने काशीबेनने ओढलं, दुसऱ्या बाजूने मोटीबेनने, उजव्या हाताने.

मग सगळ्यांनी मोटीबेनला विचारलं, तुझे चार खण कुठले? तिने चष्मा लावला आणि खात्रीने डावा कोपरा दाखवला. काशीबेन म्हणाली, तो तर मंछाने तिच्या शेवटच्या दिवाळीत माझ्यासमोर बांधला होता. मोटीबेन चिडली. म्हणाली, असेल, पण तिला शिकवलं कोणी? म्हणजे बावन्नही माझेच.

मीही पाहिलं, दोनदा. मला सापडले नाहीत.

लग्नाला आठ दिवस आधी ये, तुझ्याशिवाय शोभा नाही. घरी सर्वांना आशीर्वाद, आणि आमची आठवण असू दे.

धीरजलाल

ता. क. घरचोळं दाखवायला सगळे व्याह्यांकडे गेले. मोटीबेनही गेली. खोलीभर दोऱ्याचे तुकडे पडले होते, मंछाचे कुठले आणि मोटीबेनचे कुठले ते कळत नव्हतं. थोडा वेळ बसलो. मग केरसुणी घेतली आणि खोली झाडली.