भिंतीलगतचं पिवळं झाड

आप्पा, तुमच्या त्या झाडाचं नाव मला सापडलं आहे, असं वाटतं.

इथं शिरूरच्या बागेत मी संध्याकाळी ज्या बाकावर बसते, त्याच्यावरचं झाड सध्या पिवळंधमक झालं आहे. शेजारी बसणाऱ्या आजी म्हणाल्या, "पिवळा गुलमोहर हाय त्यो." मला पटेना. गुलमोहराच्या शेंगा लांब, तलवारीसारख्या. याच्या बोटभर, चपट्या, तांब्याच्या रंगाच्या. फुलांचे तुरेही पानांच्या वर ताठ उभे. वाचनालयातलं पुस्तक आणून ताडून पाहिलं, तर सोनमोहर. आजींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आसंल बाई. सावली तर तीच हाय न्हवं?" आणि मला दौंड दिसू लागलं.

नव्वदनंतरची ती वर्षं. रविवारची संध्याकाळ, रेल्वे कॉलनीजवळची बाग, फाटकापाशी फुललेला गुलमोहर. आई त्याच्याखाली सतरंजी अंथरते, डबा उघडते. तुम्ही वर बघता आणि हळूच मला विचारता, "फुललाय का गं?" मी म्हणते, "लालभडक." तुम्ही मान हलवता. लाल आणि हिरवा तुम्हाला वेगळा दिसत नसे. डोळ्यांच्या तपासणीत तेवढ्यावरून इंजिन चालवायचं राहिलं आणि तुम्ही पार्सल ऑफिसात बसलात. आई ते चेष्टेवारी न्यायची. "ह्यांना टमाटी आणाया धाडलं की कच्ची घिऊन येत्यात." सगळे हसायचे, तुम्हीही. मग उठून पलीकडं, भिंतीलगतच्या झाडाखाली एकटेच जाऊन बसायचात.

"आवो, एवढं फुललेलं झाड सोडून तिकडं कुठं?"

"हितं सावली बरी हाय."

इतकी वर्षं मला ती तुमची माघार वाटत आली. आमच्या हसण्यातून, आमच्या लाल रंगातून घेतलेली. तुम्ही गेल्यावरही ते एकटं बसणं मला टोचत राहिलं. पण परवा अंगावर पाकळ्या पडत होत्या आणि एकदम आठवलं, त्या झाडाबद्दल तुम्ही मला कधीच विचारलं नाही. मी तुम्हाला बोलवायला येते, तुम्ही आधीच वर बघत असता, आणि तुम्हीच मला सांगता, "बघ, फुललंय." निघताना आई तुमच्या खांद्यावरच्या पाकळ्या झटकते. त्या पिवळ्या होत्या. होत्या ना? की आता बसल्या बसल्या मीच त्यांना रंग देते आहे?

इथून दौंड काही लांब नाही. सकाळच्या एसटीनं निघालं, भिंतीजवळची एक शेंग उचलून आणली, की झालं. मी प्रत्येक गोष्ट पडताळून बघणारी, तुम्हाला माहीतच आहे. तरी अजून गेले नाही. झाड तोडलेलं असेल याची एवढी भीती नाही. ते तिथंच असेल, आणि दुसरंच कुठलं तरी निघेल, याची वाटते.