उपवासाची साखर

आई,

तू गेल्यावर मी बरीच वर्षं तुझ्याशी मनातल्या मनातही नीट बोलले नव्हते. आज बोलायला लागतंय, कारण आज मला तोंड लपवावंसं वाटतंय, आणि घरात तुझ्याशिवाय कुणाला सांगावं असं कुणी नाही.

नोकरी संपल्यापासून मी आठवड्यातून एकदा हॅरोमध्ये लायब्ररीमागच्या हॉलवर जाते. आपल्याकडून इथे येऊन राहिलेली वयस्कर मंडळी जमतात, सगळी मधुमेहाची. बोट टोचून साखर कशी बघायची, आकडा वर गेला तर काय करायचं, भाताला आवर कसा घालायचा, हे ती एकमेकांना सांगतात आणि मी अधूनमधून तोंड घालते. आपला आजार आपल्या हातात ठेवायचा, असं मी दर वेळी मोठ्या तोऱ्यात म्हणते. तू असतीस तर चष्म्यावरून नुसतं बघितलं असतंस माझ्याकडे.

आज स्टॅनमोरच्या एक काकू मुलाबरोबर आल्या होत्या. मुलगा इथेच जन्मलेला, चांगला पन्नाशीचा. आल्या आल्या त्याने आईचं मीटर माझ्यासमोर ठेवलं. "बघा, फास्टिंगचा रीडिंग नेहमी हाय. ती चोरून खाते. मी किती वेळा सांगितला तिला, शी वोन्ट लिसन." काकू मान खाली घालून पर्सच्या पट्ट्याशी चाळा करत बसल्या. मी विचारलं, "काकू, तुम्ही साखर कधी बघता?" तर म्हणाल्या, "अहो, उपवासाची बघ म्हणाला ना हा. म्हणून चतुर्थीला बघते, एकादशीला बघते. खिचडी खाऊन झाली, की लगेच." सगळा हॉल हसला. मीही हसले. आणि मग मला तुझा चेहरा दिसला, आणि हातातला चहा कुठे ठेवावा ते कळेना.

तुझी ती पहिली मोठी तपासणी आठवते? नर्सने फोनवर मला सांगितलं होतं, फास्टिंग यायचं. मी कोट चढवता चढवता तुला म्हटलं, "आई, उद्या उपवास कर, रक्त द्यायचंय." संपलं माझं काम. अनशापोटी हा शब्द मला ठाऊक नव्हता असं नाही. रोज अनशापोटी मेथीचं पाणी घ्यायचीस तू, आणि मला घ्यायला लावायचीस. पण फास्टिंग म्हणजे उपवास, इतकं सरळ होतं ते माझ्या डोक्यात. रिपोर्ट आला, साखर खूपच वर. दवाखान्यातल्या त्या लहानशा खोलीत नर्सने विचारलं, काही खाल्लं होतं का. तू म्हणालीस, "गोडाला हात लावला नाही गं मी. उपवासच होता माझा." मी इंग्रजीत सांगितलं, ती म्हणते तिने काही खाल्लं नव्हतं. आणि वर माझ्या पदरचं जोडलं, "शी चीट्स." तुला इंग्रजी येत नाही असं धरून चालले होते मी. पण चीट हा शब्द तुला येत होता. पत्ते खेळताना मीच शिकवला होता. तू माझ्याकडे बघितलंस आणि मग पुढ्यातल्या टेबलाकडे बघत राहिलीस.

गोळी वाढली. घरी आल्यावर मी तुझा गुळाचा डबा, बिस्किटं, सगळं उचलून माझ्या खोलीतल्या कपाटात ठेवलं. तू भांडली नाहीस. त्याआधी तू आपलं आपण बघायचीस. कारल्याचा रस काय, जेवणानंतर गल्लीच्या टोकापर्यंत चक्कर काय. त्या दिवसानंतर तू मीटर माझ्या हातात दिलंस आणि म्हणालीस, "तूच बघ आता." मला वाटलं, बरं झालं, सुधारली. मग कधीतरी दुपारी तुला घाम फुटायचा, हात थरथरायचे, साखर खाली गेलेली असायची, आणि तू काही तोंडात टाकायच्या आधी माझ्या ऑफिसात फोन करायचीस. "एक बिस्किट खाऊ का गं?" असं विचारायचीस. ज्या बाईने मला भरवून वाढवलं, ती थरथरत्या हाताने परवानगी मागायची, आणि मी मीटिंगमधून बाहेर येऊन म्हणायचे, "खा, पण एकच." मला लाज वाटते, आई. नुसतं चुकले म्हणून नाही. तुझ्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा तुला खोटं ठरवणं मला सोपं गेलं, म्हणून.

आज काकूंना मी सांगितलं, उपवासाची नव्हे, अनशापोटी बघायची, सकाळी उठल्यावर तोंडात काही घालायच्या आधी, आणि त्या लगेच म्हणाल्या, "मग असं सरळ सांगायचं ना त्याने." मुलाला म्हटलं, "तुझी आई चोरून काही खात नाही. शब्दाचा घोळ आहे, होतो बऱ्याच जणांचा." तो ओशाळला, आईचा हात धरून "सॉरी, आई" म्हणाला. काकूंनी त्याच्या गालावर हलकेच चापट मारली आणि मीटर स्वतःच्या पर्समध्ये टाकलं. इतकं सोपं होतं ते. बऱ्याच जणांमध्ये मीही आहे, हे मात्र मी त्याला सांगितलं नाही.

हे कुठे पाठवायचं नाहीच आहे, तेव्हा एवढं लिहून टाकते. त्या तपासणीच्या सकाळी गाडीची किल्ली शोधत मी स्वयंपाकघरात आले होते. तू जिऱ्याची फोडणी दिलेली, दाण्याचं कूट घातलेलं, गॅसवर पातेलं होतं आणि तुझी बशी नुकतीच संपली होती. मी उभ्या उभ्या पातेल्यातून दोन चमचे खिचडी खाल्ली, छान झालीय म्हणाले, आणि तुला रक्त द्यायला घेऊन गेले.