वैकुंठरथाने हॉर्न वाजवू नये

श्री मोहिनीराज प्रसन्न

मी, विजया विष्णुपंत मुळे, वय वर्षे चौऱ्याहत्तर, सेवानिवृत्त, राहणार नेवासा, जिल्हा अहिल्यानगर (तोंडात अजून नगरच येते), हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्याच अकलेने लिहून ठेवते. माझ्यावर कुणाचाही दाब नाही. उलट घरातले सगळे ‘आत्ताच कशाला हे अभद्र’ म्हणून मला थांबवत आहेत. माझी बुद्धी शाबूत आहे. प्रकृती ठणठणीत आहे, गुडघे तेवढे वगळून. आणि तेही पायडल मारताना दुखत नाहीत, देवापुढे बसताना दुखतात.

माझी सगळी नोकरी निबंधक कार्यालयात दस्त नोंदवण्यात गेली. लोकांची किती मृत्युपत्रे नजरेखालून गेली, याचा हिशेब नाही. त्यांत गट नंबर असत, चतुःसीमा असत, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या असत. लिहिणारा माणूस मात्र कुठे सापडत नसे. माझ्या मृत्युपत्रात तो सापडावा, एवढी इच्छा आहे. वकीलसाहेब म्हणाले, ‘मावशी, एवढं लिहायची गरज नाही.’ त्यांना फी दिली आणि सल्ला परत केला.

कलम १. राहते घर. मी व माझे पती कै. विष्णुपंत यांनी मिळून बांधलेले, स्टँडच्या मागच्या वसाहतीतले. पूर्वेस औषधाच्या दुकानाचे श्रीमंतराव, दक्षिणेस बोळ, उत्तरेस मोकळी जागा, पश्चिमेस रस्ता. या मृत्युपत्राचा बराचसा भाग त्या रस्त्याबद्दलच आहे. हे घर माझा एकुलता मुलगा सुहास यास द्यावे, मात्र कलम ६ मधील अट पाळून.

कलम २. पाटल्या आणि मोहनमाळ सून निकिता हिला. तिने मला कधी ‘सायकल सोडा’ म्हटले नाही. ‘हेल्मेट घाला’ म्हटले आणि स्वतः आणूनही दिले. अंबाड्यावर ते बसत नाही म्हणून मी अंबाडा सोडून वेणी घालू लागले, याची तिने नोंद घ्यावी. पोस्टातली शिल्लक नात ईरा हिच्या शिक्षणासाठी.

कलम ३. माझी काळी लेडीज सायकल, हवेचा पंप, पाना, पंक्चरचे सामान आणि हँडलची पितळी घंटी, हे सर्व ईराला.

या सायकलीबद्दल थोडे लिहिणे भाग आहे. मला नोकरी लागली तेव्हा कार्यालय गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. विष्णुपंत शाळेत शिक्षक. म्हणाले, ‘रोज डबलसीट सोडायला मी काही तुझा टांगेवाला नाही. शीक.’ शाळा सुटल्यावर मैदानावर ते कॅरिअर धरून माझ्यामागे पळायचे. एकदा वळून पाहते तर स्वारी झेंड्याच्या कट्ट्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडते आहे. पाहिले आणि पडले. नऊवारीतल्या बायका कुंपणाला टेकून हसल्या. त्यांतल्याच दोघींनी पुढच्या वर्षी मला ‘आम्हाला शिकव की गं’ म्हणून विचारले.

सुहास शाळेत असतानाच विष्णुपंत गेले. त्यानंतर मी कुणाच्या गाडीची वाट पाहत उभी राहिले नाही. दवाखाना, दळण, सुहासची शिकवणी, बाजार, सगळीकडे या दोन चाकांवर गेले. दुःखातसुद्धा मला कुणाला ‘जरा सोडता का’ म्हणावे लागले नाही. या सायकलीवर माझा फार जीव आहे.

कलम ४. शेजारी श्रीमंतराव यांना माझा न्हाणीघरातला गोल आरसा द्यावा. त्यांच्या गाडीला दोन आरसे आहेत. पण ते भांग पाडण्यासाठी असतात असा त्यांचा समज दिसतो. मागे न पाहता ते दार उघडतात आणि त्या दारावर मी दोनदा जाऊन आदळले आहे. शनिशिंगणापूरला घरांना दारे नसतात. श्रीमंतरावांनी गाडी तिथून घेतली असती तर माझ्या ढोपराचे बरेच भले झाले असते. मनात आकस काही नाही, खोकल्याचे औषध मी त्यांच्याकडूनच घेते.

कलम ५. रात्री उसाच्या ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रेलर जोडून, मोठ्याने गाणी लावून जाणाऱ्या आणि मागे लाल दिवा न लावणाऱ्या समस्त चालकांना मी काही देत नाही. गाणी चांगली असतात, एवढे मान्य करते.

काळी-पिवळी जीपचे एकेकाळचे चालक गहिनीनाथ आढाव यांच्याविषयी मात्र लिहायला हवे. नेवासा ते फाटा या रस्त्यावर त्यांनी मला जितके हॉर्न दिले तितके पाण्याचे घोट मी प्यायले नसतील. त्यांचा हॉर्न सुरात वाजायचा, तो सूर ऐकला की मी साईडपट्टीवर उतरायची आणि उतरता उतरता त्यांना जे म्हणायची ते इथे लिहिण्याजोगे नाही.

एका बाजारच्या दिवशी त्यांची जीप आमच्या कार्यालयासमोर बंद पडली. प्रवासी खोळंबलेले, मेकॅनिक फाट्यावर. माझी सायकल बाहेर नेहमीप्रमाणे बिनकुलपाची. गहिनीनाथ मूळचे शिंगणापूरकडचे. त्यांनी कुणाला विचारलेही नाही, सरळ टांग मारली. मी सुटले तेव्हा सायकल गायब! शिव्या गोळा करून दारात उभी राहिले. दिवस कलता कलता ते परत आले, भुवयांपर्यंत धूळ, चप्पल एकच. सायकल जागेवर लावली, कपडा मागून पुसली.

म्हणाले, “बाई, लई बारीक वाटतं वो मानसाला रस्त्यावं. टेम्पोवाला आसा अंगावं आला, म्या डायरेक नालीत. वर मलाच शिव्या!”

मी म्हणाले, “आणि तुम्ही काय देत होता इतकी वर्षं?”

“हॉर्न देत हुतो. शिवी कवा दिली का?”

दुसऱ्या दिवसापासून ते मागे आले की हॉर्नऐवजी जीपच्या पत्र्यावर बाहेरून दोनदा थाप मारायचे आणि लांबून वळसा घालून जायचे. सध्या ते वैकुंठरथ चालवतात. त्यांच्या हल्लीच्या प्रवाशांना घाई नसते, असे ते सांगतात. त्यांना या मृत्युपत्राने काहीच मिळत नाही, कारण त्यांना मी साक्षीदार केले आहे. काम मात्र मिळते. ते कलम ७ मध्ये, आणि ते मी त्यांना आधीच वाचून दाखवले आहे.

कलम ६. अट. ईरा अकरावीला आहे, कॉलेज फाट्याच्या वाटेवर. यंदाच्या पावसाळ्यात एका गाडीचा आरसा तिच्या कोपराला लागला आणि ती मुरुमात पडली. गाडी थांबली नाही. कोपर आठवड्यात बरे झाले. पण सुहासने त्याच दिवशी तिची सायकल माळ्यावर टाकली आणि तिला स्वतःच्या गाडीने सोडू लागला. पोरगी मागच्या सीटवर बसून मोबाईलमध्ये डोके घालून जाते. पूर्वी घरात शिरताना घंटी वाजवायची, आता कधी आली ते कळत नाही.

सुहासची भीती खोटी नाही. ईरा पडल्याचे ऐकले तेव्हा माझ्याही हातातून कप सुटला. पण तो ज्यांना घाबरतो त्यांच्यातलाच तो एक आहे, हे त्याला माहीत नाही. मागे मी दळण कॅरिअरला बांधून येत होते. मागून हॉर्नवर हॉर्न. मग काच खाली झाली आणि आवाज आला, ‘ओ मावशी, रस्ता काय बापाचा आहे का?’ मी वळून म्हटले, ‘माझ्या बापाचा नाही, पण तुझ्या आईचा थोडासा आहे.’ त्या दिवशी चिरंजीव जेवायला फार उशिरा आले.

म्हणून अट अशी : घर नावावर लावण्यापूर्वी सुहासने एकदा, बाजारच्या दिवशी, माझ्या सायकलवरून मोहिनीराजाच्या देवळापासून फाट्यापर्यंत जाऊन परत यावे. त्यानंतर ईराच्या सायकलीचे काय करायचे ते त्याने ठरवावे. तरीही नको म्हणाला तर घर त्याचेच. फक्त त्याने आधी जाऊन यावे, एवढे मागते. मी गेल्यावर ईराच्या बाजूने भांडायला या घरात कुणी उरणार नाही, याचीच मला खरी काळजी आहे.

(कलम ६ रद्द. सही – वि. वि. मुळे. खोडलेला मजकूर वाचता आला पाहिजे, असा आमच्या कार्यालयाचा शिरस्ता होता, म्हणून वर एकच बारीक रेघ मारली आहे. कारण पुढीलप्रमाणे.)

इथवरचा कच्चा मजकूर मी जेवणाच्या टेबलावर लोणच्याच्या बरणीखाली ठेवला होता. सुहासने वाचावा म्हणूनच ठेवला होता, हे कबूल करायला माझी हरकत नाही. त्याने वाचला. दोन दिवस माझ्याशी फक्त ‘मीठ दे’ एवढेच बोलला. काल बाजार होता. सकाळी पाहते तर ओट्यावर माझी सायकल नाही.

दुपारी आला. सायकल हातात धरून, पँटच्या गुडघ्याला मुरूम, चेहरा टोमॅटोसारखा. आधी तांब्याभर पाणी प्यायला.

“पडलास?” निकिताने विचारले.

“उतरलो,” तो म्हणाला. “जरा घाईने उतरलो.”

मग हळूहळू सगळे बाहेर आले. कालव्याच्या पुलावर मागून एक मोटार आली. हॉर्न, हॉर्न, मग काच खाली. ‘ओ काका, घरी नीट जायचंय ना?’ सुहास साईडपट्टीवर आपटला. उठून पुन्हा निघाला, तर थोड्या वेळाने मागे पुन्हा गाडीचा आवाज. ही गाडी हॉर्न देईना, पुढेही जाईना. तो हळू झाला की तीही हळू. शेवटी धीर करून मागे वळून पाहिले.

“आई, वैकुंठरथ होता गं! एवढा मोठा, फुलांच्या माळा लावलेला, बरोबर माझ्यामागे!”

ईरा हसता हसता जमिनीवर बसली. चालवत होते अर्थात गहिनीनाथ. त्यांनी माझी सायकल लांबूनच ओळखली होती. फाट्यापर्यंत त्यांनी रथ मागेच ठेवला आणि त्यांच्या मागे सगळ्या गाड्या तुंबल्या. फाट्यावर सुहासने विचारले, ‘अहो, पुढे का नाही गेलात?’

गहिनीनाथ म्हणाले, “सायेब, तालीम करत हुतो. कलम सात वाचलं न्हाई का तुमी?”

एवढे सांगून सुहासने गुडघ्याचा मुरूम झटकला. मग ईराकडे न पाहता म्हणाला, “गाडीत बसून मला वाटायचं, हे सायकलवाले मुद्दाम मध्ये येतात. साईडपट्टीवर किती खड्डे आहेत, ते गाडीतून दिसतच नाहीत.” आणि स्टूल ओढून त्याने माळ्यावरची सायकल खाली काढली. “सोमवारपासून जा. पण पहिले काही दिवस मी मागे येणार.”

“गाडी घेऊन?” ईराने नाक मुरडले.

“सायकल घेऊन. आजीची.”

मी देवघरात जाऊन डोळे पुसून आले. त्यामुळे कलम ३ मध्ये ‘ईराला’ याऐवजी ‘सुहासला’ वाचावे. ईराला तिची स्वतःची आहेच. घंटी मात्र ईराकडे जाईल. घर सुहासला, विनाअट.

कलम ७. अंत्ययात्रा. मला गहिनीनाथ यांच्या रथातून प्रवरेच्या काठी न्यावे. रथापुढे ईराने सायकल चालवावी. मुली तिथे जात नाहीत असे कुणी म्हणाल्यास ईराने घंटी वाजवावी आणि पुढे जावे. रथाने तिला ओलांडू नये, हॉर्न वाजवू नये. मागे कितीही मोटारी तुंबल्या तरी त्या दिवशी सगळ्यांनी सायकलच्या वेगाने यावे. आयुष्यभर ज्यांना मी वाट दिली, त्यांनी एकदा माझ्यामागून यावे, एवढी हौस आहे.

सुहासने मुलाच्या रिवाजाप्रमाणे मडके धरून रथात बसावे, असे मी लिहिले होते. काल रात्री त्याने पेन्सिलीने शेजारी लिहिले आहे : ‘मी गाडीत बसणार नाही. मडकं हँडलला अडकवीन.’ निकिता म्हणते, निखारा पँटवर पडेल. दोघांनी आपसात ठरवावे, मला तेव्हा काही सांगता येणार नाही. आधी हँडलला टोपली लावून घ्यावी, हे सुचवते.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, दोन साक्षीदारांसमक्ष, पंख्याखाली बसून सही केले.

विजया विष्णुपंत मुळे

साक्षीदार :

१) बजरंग तुपे, सायकल दुरुस्ती, नेवासा. (ब्रेक तपासून मगच सही केली.)

२) गहिनीनाथ आढाव, चालक. सहीखाली त्यांनी स्वतःहून एक ओळ लिहिली आहे. खोडायला मन होत नाही, म्हणून कायम ठेवते :

‘बाई, गाडी कवाबी तयार हाय. पन तुमी घाई करू नका.’

ठिकाण : नेवासा
दिनांक : १४ डिसेंबर २०२५